गोडी टाकी, खारी टाकी: कर्वेनगरच्या हॉलमधल्या प्रकल्प नोंदी

८ फेब्रुवारी, शनिवार

गोड्या पाण्याची तीन फुटी टाकी हॉलमध्ये आधीपासून आहे, त्यात निऑन टेट्रा, तळाशी कोरी मासे (कोरिडोरस) आणि एक म्हातारी एंजल. आता तिच्या शेजारी खाऱ्या पाण्याची लावायची असं घरात ठरलंय, कारण धाकट्याला ‘फाइंडिंग निमो’ पिक्चरमधला निमो पाहिजे, आणि खरं तर त्याच्यापेक्षा मलाच जास्त पाहिजे. दोन्हींच्या नोंदी एकाच वहीत ठेवणार, म्हणजे कुठल्या पाण्याला काय चालतं ते शेजारी शेजारी दिसेल.

काचवाल्याला माप दिलं, ३ फूट लांब, दीड रुंद, दीड उंच. काठोकाठ १९० लिटर, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली की दीडशे. काच, पाणी, दगड, स्टँड सगळं धरून अडीचशे किलोच्या आसपास वजन होतंय, त्यामुळे नवऱ्याला जी जागा हवी होती (टीव्हीसमोर, मधोमध) ती बाद, बीमच्या भिंतीला लागूनच ठेवायची.

प्रवाळ ठेवायचं नाही हे आधीच ठरवून टाकलं. खडक बनवणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची एक मध्ये २००१ पासून आहेत, समुद्रघोडेही त्यातच. आपल्या किनाऱ्यावरून उचललेलं जिवंत काही कोणी गुपचूप देतो म्हणाला तरी घ्यायचं नाही. फक्त मासे आणि सुका दगड. निमो म्हणजे ऑसेलॅरिस क्लाऊन टाकीत पैदास केलेला मिळतो, आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाऊनची पैदास कधीच जमवलीय, तेव्हा समुद्रातून पकडलेला घ्यायचं कारणच नाही. डोरीसाठी हट्ट झाला, पण तो मासा फूटभर वाढतो आणि दिवसभर लांब लांब पोहतो, तीन फुटात त्याला कोंडण्यात अर्थ नाही. धाकटा दहा मिनिटं रुसला, मग भेळ मिळाली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज पाणी बंद. गुरुवारी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबानं, हे पुणेकराला वेगळं सांगायला नको, पण मासे पाळणाऱ्यानं कॅलेंडर त्यावरच लावावं. आमच्याकडे पाणी बदल मंगळवारी किंवा बुधवारी, शुक्रवार-शनिवारी कधीच नाही, कारण बंदनंतरच्या पहिल्या पाण्यात पाइपातला गाळ पण येतो आणि क्लोरीनचा वास पण.

नळाचं पाणी टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजायच्या पेननं ९० च्या घरात, पीएच साडेसात. खडकवासल्याचं पाणी तसं मऊच, टेट्रांना यापेक्षा बरं काय पाहिजे. अडचण फक्त क्लोरीनची. पिंपात एअर स्टोन टाकून दिवसभर फिरवलं की साधा क्लोरीन उडून जातो, पण घाई असेल तेव्हा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पूर्वी फोटो धुणारे वापरायचे तेच. पाण्यात क्लोरीन दोन पीपीएम (लिटरला दोन मिलिग्रॅम) धरला तर १०० लिटरला दीड ग्रॅम भरपूर झाला. दुकानातल्या अँटी-क्लोरीनच्या निळ्या-पांढऱ्या बाटलीत बहुतेक वेळा हेच पातळ करून असतं, आणि किंमत बघितली की हसू येतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

खाऱ्या टाकीसाठी नळाचं पाणी नको, त्यातला फॉस्फेट, सिलिकेट, तांबं जे काही असेल ते सगळं साठत जातं. स्वयंपाकघरातला आरओ चालेल का असं सगळेच विचारतात. चालतो, पण त्यात एक गंमत असते, बऱ्याच मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर नावाचा स्क्रू असतो आणि तो थोडं कच्चं पाणी चवीसाठी परत मिसळतो, वर मिनरलची नळकांडी वेगळीच. टेक्निशियनकडून मेम्ब्रेनच्या लगेच पुढं टी बसवून घेतला आणि तिथून नळी डीआय रेझिनच्या (उरलेले क्षार शोषणारे दाणे) कार्ट्रिजला लावली. मेम्ब्रेननंतर ८, रेझिननंतर ०. बाहेर पडणारं वाया पाणी फरशी पुसायला आणि गॅलरीतल्या कुंड्यांना.

मीठ म्हणजे मरीन सॉल्ट मिक्स, खडे मीठ नाही. खडे मिठात सोडियम क्लोराइडच मुख्य, मरीन मिक्समध्ये मॅग्नेशियम, कॅल्शियम, अल्कलिनिटी सगळं मापात असतं. लिटरला ३८ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दीडशे लिटरला पावणेसहा किलो. मीठ कालवायचं ते पिंपात, पंप लावून रात्रभर. टाकीत मासे असताना त्यांच्या डोक्यावर मीठ ओतणारे लोक मी पाहिलेत.

रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं यंत्र) आधी ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणावर जुळवून घेतला. साध्या पाण्यावर शून्य जुळवला तरी वर ३५ ला चुकू शकतो, आणि आपल्याला वाचायचं असतं ते ३५ च्या आसपासच. पाणी विशिष्ट गुरुत्व १.०२५ वर आणून ठेवलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

टाकी भरली, दगड रचला, दोन वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारे पंप), मागच्या कप्प्यात स्किमर (फेसातून घाण काढणारा). मासे नाहीत. आता सायकल.

थोडक्यात काय, माशाच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया सुटतो, एक जातीचे जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचा नायट्रेट करतात, पहिले दोन विषारी, तिसरा बराच सोसतो. हे जिवाणू दगडावर, स्पंजवर बसतात आणि सावकाश वाढतात, चार ते सहा आठवडे धरून चालायचं. मासा टाकून सायकल करायची जुनी पद्धत म्हणजे त्या बिचाऱ्यानं विष पिऊन तुमचा फिल्टर तयार करायचा.

मी अमोनियम क्लोराइड वापरतेय, म्हणजे नवसागर. कल्हईवाल्याचा नवसागर नको, त्यात काय काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही, बोहरी आळीकडं गेले तेव्हा केमिकलवाल्याकडून लॅब ग्रेडची छोटी बाटली घेतली. दीडशे लिटरला दोन पीपीएम अमोनिया आणायला एक ग्रॅमला थोडा कमी लागतो. सोन्याच्या काट्यावर मोजला, सासूबाई बघत होत्या, म्हणाल्या अगं माशांसाठी एवढं, आमच्या सांबारातला हिंग तरी कधी मोजलास का.

गोड्या टाकीचा जुना स्पंज इकडं पिळून सुरुवात लवकर होईल असं एक दोघांनी सुचवलं. गोड्या पाण्यातले जिवाणू ३५ पीपीटीत बरेचसे टिकत नाहीत, उगाच टाकीत चिखल. त्याऐवजी बाटलीतले मरीन जिवाणू टाकले.

९ मार्च, रविवार

अमोनिया ०.५, नायट्राइट चार्टच्या सगळ्यात गडद जांभळ्यावर. म्हणजे पहिली टोळी कामाला लागली, दुसरी यायचीय. काही करायचं नाही, वाट बघायची.

खालच्या मजल्यावरचे काका संध्याकाळी वर आले, गोल्डफिश वर येऊन तोंड उघडझाप करतायत म्हणे, हवा लावलीय तरी. टेस्ट किट घेऊन खाली गेले.

दोन फुटी टाकी, पाणी आरपार स्वच्छ, रंगीत मार्बल चमकतायत, चार गोल्डफिश वरच्या थरात. टॉर्च बाजूनं मारला तर कल्ले लालभडक, एकाच्या शेपटीत लाल रेघा. पाच मिलीच्या नळीत थेंब टाकले आणि पिवळा रंग सरळ गर्द हिरवा झाला, म्हणजे अमोनिया भरपूर.

म्हटलं, काका, टाकी कधी धुतली?

परवाच की. सगळं बाहेर काढून, मार्बल ब्रशनं घासून, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून. एकदम चकाचक.

तिथंच घात झाला ना काका. स्पंजमधले जिवाणू नळाच्या क्लोरीननं गेले आणि मार्बलवरचे ब्रशनं.

अहो मी पंचवीस वर्षं मासे पाळतोय.

पंचवीस वर्षं बरोबर, पण एकेक मासा किती वर्षं?

काका जरा थांबले, मग आत बघून म्हणाले, अगं ऐकलंस का, हिला चहा टाक.

गोल्डफिश नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो, पण घाण फार करतो आणि त्याला गार पाणी आवडतं. लगेच हायपो घातलेल्या पाण्यानं अर्धं पाणी बदललं, उद्या परत अर्धं. खाणं तीन दिवस बंद. माझ्या गोड्या टाकीच्या फिल्टरमधला एक स्पंज कापून त्यांच्या फिल्टरमध्ये दिला, गोड्याचा गोड्याला चालतो. यापुढं स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत बुडवून पिळायचा, तेही फिल्टरचा प्रवाह मंदावला तरच. औषध काहीही टाकलं नाही. दुकानदारानं त्यांना निळं औषध आणि अँटिबायोटिक दोन्ही दिलं होतं, ते कपाटात ठेवायला लावलं.

१० मार्च, सोमवार

कालचं काकांना नीट समजावायचं राहिलं होतं, आज समजावलं, इथंही लिहून ठेवते. अमोनिया पाण्यात दोन रूपात असतो, एक फार त्रास न देणारा अमोनियम आणि दुसरा मोकळा अमोनिया जो कल्ले जाळतो. कुठला किती हे पीएच आणि तापमानावर. २५ अंशात पीएच ७ ला मोकळा साधारण अर्धा टक्का, पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे किटवर आकडा तोच पण विष दसपट. काकांच्या टाकीत रंगीत मार्बल आणि शिंपले आहेत, चुना विरघळून पीएच ८ च्या वर, म्हणून गोल्डफिशना इतका झटका. आणि खारी टाकी तर कायमच ८.१ ते ८.३, म्हणून तिथं अमोनिया थोडासा दिसला तरी चालत नाही. खारं अवघड म्हणतात त्यातलं निम्मं अवघड इथं आहे, चूक पोटात घालायला त्या पाण्यात जागाच कमी.

काकांची आजची रीडिंग निम्म्यावर. मासे खाली उतरलेत.

२६ मार्च, बुधवार

खारी: काल रात्री दोन पीपीएम अमोनिया टाकला, आज रात्री अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट ४० च्या आसपास. सायकल झाली. अर्धं पाणी बदललं. दगडावर तपकिरी थर आलाय, डायटम नावाचं शेवाळ, नव्या टाकीत येतो आणि आपोआप जातो, त्याच्यासाठी दुकानात जाऊन बाटली आणायची नाही.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

सकाळी गुढी, दुपारी श्रीखंड, संध्याकाळी क्लाऊन. दोन छोटे, पैदाशीचे. दुकानात आधी खाऊ घालायला लावलं, दोघंही पेलेट्सवर तुटून पडले, मगच पैसे दिले. न खाणारा मासा कितीही देखणा असला तरी घरी आणायचा नाही.

दुकानातल्या पाण्याची क्षारता माझ्या मीटरवर १.०१८. कमी क्षारतेत मीठही वाचतं आणि किडेही जरा दबून राहतात, म्हणून बरीच दुकानं तसंच ठेवतात. मासा खाऱ्यातून कमी खाऱ्यात पटकन सोसतो, पण उलटं नाही, वर चढवायचं ते रोज ०.००१ ते ०.००२ असं. म्हणून क्वारंटाइनचा टब आधीच १.०१८ वर करून ठेवला होता, चाळीस लिटरचा साधा प्लास्टिकचा टब, हिटर, लपायला पीव्हीसीचे एल्बो आणि मागचे काही आठवडे खाऱ्या टाकीत भिजत ठेवलेला स्पंज फिल्टर. वाळू नाही, दगड नाही.

दुकानातला पोरगा म्हणाला, मॅडम काही होत नाही, डायरेक्ट टाका. पिशवीला मी तापमानापुरतं तरंगत ठेवते, पंधरा-वीस मिनिटं, आणि मग मासा जाळीनं उचलून सोडते, पिशवीतलं पाणी मोरीत. पार्सलनं लांबून आलेल्या माशाला तासभर थेंब थेंब पाणी देणं तर उलट धोक्याचं, बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडनं पीएच खाली गेलेला असतो, पिशवी उघडली की तो वर चढतो आणि साठलेला अमोनिया मोकळा होतो.

४ एप्रिल, शुक्रवार

छोट्या क्लाऊनच्या शेपटीवर आणि कल्ल्यामागं पांढरे ठिपके. टबाजवळ गुडघ्यावर बसून बराच वेळ टॉर्चनं बघत होते. ठिपके मिठाच्या दाण्याएवढे, वेगवेगळे मोजता येतायत, अंगावर उठून दिसतायत. श्वास जरा जलद पण धापा नाहीत, दुपारी खाल्लं. मधूनच एल्बोच्या कडेला अंग घासतो.

तीन शक्यता होत्या. पिठाची बारीक धूळ बसल्यासारखं, सोनेरी झाक, मासा प्रवाहाच्या तोंडाशी उभा आणि धापा टाकतोय असं असतं तर वेल्व्हेट, तो दोन-तीन दिवसांत नेतो. अंगावर शेंबडासारखा जाड थर आणि कातडी सुटतेय तर ब्रुकलिनेला, क्लाऊनला विशेष होतो, त्याला फॉर्मेलिन लागतं, तांबं चालत नाही. हे दोन्ही नाही, हा मरीन इक, म्हणजे खाऱ्या पाण्यातला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, किडा क्रिप्टोकॅरिऑन.

घाबरायचं काहीच नाही, यासाठीच तर टब आहे. मोठ्या टाकीत अजून एकही मासा गेलेला नाही, म्हणजे तिथं हा किडा नाही. तिथं गेला असता तर सगळे मासे बाहेर काढून टाकी अडीच महिने, ७६ दिवस, माशांशिवाय ठेवावी लागते, कारण किड्याची दगडावर चिकटलेली गाठ फार दिवस जिवंत राहते.

५ एप्रिल, शनिवार

तांब्याचं औषध सुरू. चिलेटेड (दुसऱ्या रसायनाला बांधलेलं) तांबं आहे, बाटलीवर दिलेल्या पातळीवर दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवत न्यायचं आणि त्याच्याच किटनं रोज मोजायचं. साध्या आयनिक तांब्याची पातळी वेगळी, ०.१५ ते ०.२० पीपीएम, दोन्हीत गल्लत केली तर एक तर किडा मरत नाही नाही तर मासा मरतो. पातळीवर आल्यापासून तीस दिवस, मध्ये एक दिवसही खाली जाता कामा नये. ठिपके चार दिवसांत गेले की लोक औषध बंद करतात आणि पुढच्या पंधरवड्यात परत रडतात. ठिपका गेला म्हणजे किडा मेला नाही, तो पोट भरून खाली पडला आणि तिथं त्याची पिल्लं तयार होतायत. औषध लागू पडतं ते फक्त पोहणाऱ्या पिल्लांना.

तांब्याच्या औषधाच्या टबाची बादली, मग, सायफन वेगळे, लाल टेप लावलीय. मोठ्या टाकीत पुढं कोळंबी आणि गोगलगायी ठेवायच्यात, त्यांना तांबं म्हणजे मरणच.

९ एप्रिल, बुधवार

उन्हाळा. बाहेर चाळिशी, हॉल ३४, खारी टाकी दुपारी ३१.४, गोडी ३१. खाऱ्या पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी विरघळतो, २५ अंशाला गोड्यात लिटरला ८.२ मिलिग्रॅम तर खाऱ्यात पावणेसातच्या आसपास, आणि तापमान चढलं की दोन्हीकडं आणखी घसरतो, वर माशाची भूक आणि श्वास वाढतो.

चिलरचा खर्च ऐकून नवरा दुसऱ्या खोलीत गेला. कॉम्प्युटरचे दोन पंखे पाण्यावर तिरके बसवले, झाकण काढून जाळी लावली. हिशोब असा की एक लिटर पाणी वाफ होताना अंदाजे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं, आणि दीडशे लिटर एक अंशानं गार करायला सव्वासहाशे लागतात. पुण्यातल्या एप्रिलच्या कोरड्या हवेत हे झकास चालतं, संध्याकाळी खारी २८.२. मुंबईवाल्या मावसभावाला सांगितलं तर त्याच्याकडं अर्धा अंशसुद्धा उतरेना, तिथली हवा आधीच पाण्यानं भरलेली.

किंमत एकच, रोज तीनेक लिटर पाणी उडतं. पाणी उडतं, मीठ राहतं, त्यामुळे भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ पाण्याचीच. काचेवर मार्करनं रेघ मारलीय, सकाळी चहा ठेवला की रेघेपर्यंत पाणी, हे काम धाकट्याकडं. गोड्या टाकीतही वर वर नुसती भर घालत राहिलं तर क्षार वाढत जातात, तिथं आठवड्याला पाव पाणी काढून बदलणं चालूच.

बर्फाच्या बाटल्या सोडायच्या नाहीत. दुपारी चार अंश खाली, रात्री परत वर, असल्या हेलकाव्यांपेक्षा मासा एकसारखं तीस अंश बरं सोसतो.

१७ एप्रिल, गुरुवार

आज मेंटेनन्सची लाइट गेली, दहाला गेली ती चारनंतर आली. इन्व्हर्टरवर दोन एअर पंप आणि खारीचा एक वेव्हमेकर टाकलेत, बाकी सगळं बंद. टबाला बॅटरीचा एअर पंप, तो लाइट गेली की आपोआप सुरू होतो, घेतला तेव्हापासून डोक्याचा ताप कमी.

लाइट गेल्यावर मासा आधी ऑक्सिजननं जातो, अमोनियानं नंतर, त्यामुळे पाणी हलतं ठेवणं हेच काम. गोड्या टाकीचा कॅनिस्टर फिल्टर बंद डब्यासारखा असतो, सहा तास पाणी आत कोंडलं की जिवाणू गुदमरून मरायला लागतात आणि लाइट आल्यावर ते कुजकं पाणी थेट टाकीत. म्हणून लाइट आल्यावर आधी कॅनिस्टरचं पाणी बादलीत काढलं (वास आलाच), मग चालू केला.

आणि गुरुवारी खाणं नाही. पोटात अन्न असलं की ऑक्सिजन जास्त लागतो आणि घाणही होते. सासूबाईंचा दत्ताचा उपास, आता माशांचाही. त्यांना हे फार आवडलंय, शेजारी सांगत सुटल्यात.

२ मे, शुक्रवार

नणंद वाघोलीहून आली, तिच्याकडं निऑन टिकत नाहीत, तिसऱ्यांदा आणले आणि आठवड्यात गेले. पाण्याची बाटली घेऊन ये म्हटलं होतं. टीडीएस ८२०, पीएच ८.२, टँकर आणि बोअर मिसळून. निऑन मऊ, आंबटसर पाण्यातला मासा, दुकानाच्या पिशवीतून निघून सरळ या पाण्यात म्हणजे त्याचं काय होणार.

वहिनी मग पीएच कमी करायचं लिक्विड आणू का, तिनं विचारलं. नको गं, तुझ्या पाण्यात बायकार्बोनेट इतकं आहे की संध्याकाळी खाली आणशील, सकाळी परत वर, त्या खालीवरनंच मासे मरतील. मॉली, प्लॅटी, गप्पी आण, त्यांना कडक पाणीच मानवतं, तुझ्याकडं पिल्लांचा सुकाळ होईल. तिच्या मिस्टरांना डिस्कस हवेत. त्यांना आधी आरओ घ्यावा लागेल, मग डिस्कस, हा निरोप तिनंच द्यावा.

जिवंत ट्यूबिफेक्स (बारीक लाल किडे) ती आणते ते बंद करायला सांगितले. गटाराच्या चिखलात वाढतात ते, कितीही धुतले तरी पोटात काय आहे कोणाला ठाऊक. फ्रोझन आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) किंवा नुसती चांगली पेलेट, दोन मिनिटांत संपेल एवढीच.

१० मे, शनिवार

तांब्याचे दिवस पूर्ण झाले, नंतर साध्या पाण्यात थांबवलं, ठिपका नाही, भूक दणदणीत. क्षारताही तोवर सावकाश १.०२५ वर चढवली होती. क्लाऊन मोठ्या टाकीत गेले. पहिला तासभर कोपऱ्यात, मग वेव्हमेकरच्या मागं जागा पकडली, ॲनिमोन नसला तरी त्यांचं अडत नाही.

दोघांतला जो मोठा होईल ती मादी होणार. क्लाऊन सगळे नर म्हणूनच सुरू होतात, जोडीतला वरचढ मादी होतो, आणि मादी मेली तर नर मादी होतो. धाकट्याला हे सांगितल्यावर त्यानं पिक्चरमधल्या बापाबद्दल जे प्रश्न विचारले ते नवऱ्याकडं पाठवले.

गोडी: बाजारातून आणलेले सहा नवे टेट्रा टबात (गोड्याचा टब वेगळा) होते, त्यांनाही इक आला, गोड्यातला वेगळा किडा पण धंदा तोच. इथं तापमानाचा उपयोग होतो, तीस अंशाला त्याचं चक्र आठवड्याच्या आत फिरतं, म्हणजे पोहणारी पिल्लं लवकर बाहेर आणि औषधाच्या तावडीत. टेट्रा नाजूक म्हणून मॅलकाइट ग्रीनचा अर्धाच डोस, हवा जास्त, रोज थोडं पाणी बदल, शेवटचा ठिपका गेल्यावरही काही दिवस चालू. खाऱ्या इकला नुसतं तापमान वाढवून काही होत नाही, तिथली युक्ती इथं आणि इथली तिथं चालवू नये.

२८ मे, बुधवार

यंदा मे संपायच्या आत पाऊस. हवा दमट झाली आणि पंख्यांचा जोर गेला, पण हॉलच आता २८ वर आलाय, तेव्हा तक्रार नाही. भर तीन लिटरवरून लिटरभरावर आली, रेघेवर डोळा ठेवायला पाहिजे, एप्रिलच्या सवयीनं ओतलं तर क्षारता खाली जाते.

नळाचं पाणी गढूळ, क्लोरीनचा वास भपकन. हायपो दीडपट, आरओचं सेडिमेंट कार्ट्रिज चॉकलेटी झालंय, बदललं. गोड्यातला पाणी बदल या आठवड्यात कमी कमी पण दोनदा केला.

खाऱ्या टाकीच्या वायरींवर मिठाची पांढरी बुरशीसारखी वाढ येते, ती वायरीवरून सरकत प्लगपर्यंत जाते. ओल्या फडक्यानं पुसायची, आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्यायची म्हणजे थेंब झोळातून खाली पडतो, सॉकेटमध्ये जात नाही. ईएलसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) नसेल तर खारी टाकी घेऊच नये असं माझं मत, पाण्यात हात घालताना तर सगळं बंद करूनच.

२१ जून, शनिवार

काकांच्या नातेवाइकांकडं एक सकर मासा वाढून दीड फुटाचा झालाय, त्यांना तो खडकवासल्याला सोडून यायचा होता, पुण्य लागतं म्हणे. मी जवळपास भांडलेच. हा मासा दक्षिण अमेरिकेतला, आपल्याकडच्या तलावा-नद्यांत आधीच पसरलाय, काठात बिळं करतो, अंगाच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाडतो, खायला कोणी घेत नाही. शेवटी एका दुकानदारानं ठेवून घेतला. दुकानात तो दोन इंचाचा असतो आणि काच साफ करतो म्हणून विकतात, दीड फुटाचा होतो हे कोणी सांगत नाही.

रीडिंग. खारी: २७.६, १.०२५, अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १५, पीएच ८.१. गोडी: २७, अमोनिया ०, नायट्रेट २०, पीएच ७.३. नवे टेट्रा मोठ्या टाकीत जाऊन मिसळले, कोण जुना कोण नवा ओळखू येत नाही.

पुढची कामं: एक छोटा गोबी मासा बघून ठेवलाय, तो आला की टब परत उभा करायचा, पण नवा, तांब्याचं औषध घातलेला जुना टब कोळंबीच्या जवळपासही नको. डीआय रेझिन रंग बदलतंय, मागवायचं. काकांचे चारही गोल्डफिश ठणठणीत, आता त्यांना तीन फुटी टाकी घ्यायचीय आणि सोसायटीत तेच सगळ्यांना नायट्रोजन सायकल शिकवतायत. टेस्ट किट उद्या परत देतो म्हणाले. आपण नवं मागवलेलं बरं.